हाकेला ओ

माझ्या नवऱ्याचा आवाज ऐकायचा असला तर मला म्हशीच्या मानेला कान लावावा लागायचा. हसा, हसा. आधी मीही हसले होते. दोन पावसाळे असेच गेले. नवरा पुण्यात, त्याचा आवाज इथं डोंगरावर, आणि मी काशी म्हशीच्या गळ्यात हात टाकून उभी. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, झोऱ्यांच्या ठकूला म्हशीशिवाय बोलायला कुणी उरलं नाही. खोटंही नव्हतं म्हणा.

आमचा धनगरवाडा सड्याच्या, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठाराच्या, काठावर आहे, पाच-सहा घरांचा. आम्ही गवळी धनगर. म्हशी राखायच्या, तूप खाली बाजारात न्यायचं आणि उतारावर नाचणी करायची. पण नाचणी एकाच जागी कायमची करायची नाही. डोंगराचा एक तुकडा तोडायचा, झुडपं वाळवून जाळायची, त्या राखेत बी टाकायचं. दोन सालं पीक घेतलं की तो तुकडा पड टाकायचा आणि शेजारच्या तुकड्यावर सरकायचं. पडीवर झाडोरा उठतो, माती पुन्हा जीव धरते, मग दहा-बारा वर्षांनी फिरून तिथंच यायचं. सासऱ्यांच्या वेळेला हे सगळं बिनघोर चाललं. पुढं डोंगर आवळत गेला. एका अंगाला धरण, दुसऱ्या अंगाला राखीव रान. पड चार वर्षांवर आली आणि माती दमली. नाचणीची कणसं अशी बारकी यायला लागली की कापताना लाज वाटायची.

तेव्हा वनखात्याचा पड-करार आला. त्यात मुद्द्याची गोष्ट एवढीच, की नाचणी निघाली की तुकडा मोकळा सोडायचा नाही. त्यात गवत आणि शेंगांचे वेल पेरायचे आणि दोन सालं तिथं म्हशी चारायच्या. शेण पडतं, मूत पडतं, वेलांच्या मुळ्या माती भरून काढतात. मग म्हशी बाहेर, तुकडा बंद, आणि झाडं वर यायला मोकळी. झाडं उठली की पुन्हा तोड, पुन्हा नाचणी. पाच-सहा वर्षांत माती तयार होते. मात्र बंद तुकड्यात जनावरानं तोंड घालता कामा नये. कोवळा शेंडा खुडला की झाड तिथंच खुंटतं आणि सगळं चक्र मोडतं. म्हणून करारात लिहिलंय, जनावरं तीनदा बंद तुकड्यात शिरली की करार संपला, डोंगर बंद. डोंगर बंद म्हणजे म्हशी विकायच्या आणि खाली कुणाच्या तरी दारात भांडी घासायची. दुसरं काय येतंय आम्हाला?

आता म्हशीला कसं सांगायचं की बाई, या गवतात चर आणि त्या झुडपात जाऊ नको? तारेचं कुंपण घातलं तर गवे एका रात्रीत आडवं करतात. दुसरीकडं जनावरांच्या गळ्यात पट्टे बांधतात, हद्द ओलांडली की झटका बसतो. आमच्या वाड्यातल्या थोरांनी ते ऐकूनच हात वर केले. भ्यालेली म्हैस दूध चोरते.

मग तेजल कुंभार आली. कोल्हापूरकडची पोर, जनावरांच्या डोक्यात काय चालतं याचा अभ्यास केलेली. चहाला गूळ चालतो म्हणाली, तिथंच मला आवडली.

"मावशी, डोळे मिटा," असं म्हणून तिनं माझ्या उजव्या बाजूला चुटकी वाजवली. "कुठून आला आवाज?"

"उजवीकडनं."

"कसं कळलं?"

"आता ह्ये काय इचारणं झालं?"

"आवाज उजव्या कानाला आधी पोचला, डाव्याला जरा उशिरा. तो उशीर एवढासा असतो, की पापणी लवते तेवढ्यात शंभरदा मावेल. पण मेंदू तेवढ्यावरनं दिशा ठरवतो. म्हशीचाही."

तिच्या पट्ट्यात दोन बारके स्पीकर होते, एकेका कानाखाली एकेक. म्हैस कुठं आहे ते वरचा उपग्रह सांगतो, कुठला तुकडा मोकळा ते तेजलचं यंत्र जाणतं. म्हैस बंद तुकड्याकडं वळली की पट्टा हाक देतो. दोन कानांत हाक अशी मागं-पुढं सोडतो, की म्हशीला वाटावं, धनी मोकळ्या तुकड्यातनं बोलावतोय. झटका नाही, काठी नाही. म्हैस आपल्या पायांनी तिकडं जाते.

हाक कुणाची घ्यायची यावर वाड्यात वादच झाला नाही. माझ्या नवऱ्याची. मी नाव घेत नाही, तेजल नवलूदादा म्हणते त्यावरनं समजून घ्या. त्याची हाळी दोन दऱ्या ओलांडून जायची. तेजलनं महिनाभर त्याच्या गळ्यात रेकॉर्डर अडकवला. मग एक दिवस आमच्या अंगणात बसून एकेक हाक वाजवून त्याला विचारायला लागली.

"ही कोणाला?"

"काशीला. म्होरकी हाय ती."

"ही?"

"मोरीला. लई मागं रेंगाळती."

मी आत चुलीपुढं भाकरी थापत होते. आणि बाहेर वाजलं, "अगं येऽऽ! आलीस का गंऽऽ?"

माझा हात काटवटीतच थांबला.

"आणि ही कोणाला, दादा?"

दाराच्या फटीतनं बघितलं तर हा गडी कान खाजवत उकिरड्याकडं बघत बसलाय. शेवटी म्हणतो कसा, "ती… ती सगळ्यांस्नी."

सगळ्यांस्नी! दुपारी मी भाकरी आणि मीठ घेऊन वर चढायचे. वळणावर माझं लुगडं दिसलं की तो ही हाक मारायचा. आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही, मग तो मला 'अगं' म्हणणार आणि म्हशीलाही 'अगं' म्हणणार. यंत्राला फरक कळावा तरी कसा? आणि मी तरी काय सांगणार होते? कट्ट्यावर चुलतसासरे बसलेले. मी भाकरी तव्यावर टाकली आणि तेजलनं लिहून घेतलं, सगळ्यांना.

पुढं गंमत अशी झाली की सगळ्या हाकांत तीच सरस ठरली. ती वाजली की अख्खा कळप कान टवकारायचा. तेजल खूश. तिनं तीच हाक सगळ्या पट्ट्यांत घातली. म्हणजे मला मारलेली हाक सगळ्या म्हशींच्या गळ्यात बांधली आणि डोंगरावर सोडून दिली.

चाललं मात्र झकास. पाच-सहा वर्षं एक खूर बंद तुकड्यात पडला नाही. चक्र फिरून पहिल्या तुकड्यावर नाचणी अशी आली की कणसं मुठीत मावेनात. लोक बघायला यायला लागले, फोटो काढायला लागले. आणि माझा नवरा खडकावर बसून राहायला लागला. वळवायला जावं तर म्हशी आधीच वळलेल्या. त्यानं खरीखुरी हाक दिली तरी त्या त्याच्याकडं बघायच्या नाहीत, आवाज जिकडनं येतोय तिकडं जायच्या.

"मी हाक मारायच्या आदीच मी हाक मारतुया," एकदा म्हणाला. हसत म्हणाला, पण त्या दिवशी जेवला नाही.

मग नात्यातल्या पाहुण्यांनी त्याच्यासाठी पुण्यात काम बघितलं. मोठी सोसायटी. गाड्या आपसूक आत येतात, आपसूक लागतात, चोर आला तर कॅमेराच ओळखतो. तरी फाटकावर रामराम करायला तिथल्या लोकांना एक माणूस लागतो. नुसतं उभं राहायचं. आता उभं राहायला माणूस डोंगरावरनं उचलून न्यायचा म्हणजे काय म्हणावं! पण तो म्हणाला, हितं तरी मी दुसरं काय करतुया? बिनड्रायव्हरच्या एसटीत तो चढला, "येतो" म्हणाला. "या," मी म्हटलं. निघणाऱ्याला जा कसं म्हणायचं?

पहिल्या दिवसांत मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. घरात सामसूम, पण डोंगरावर गेलं की तो आहेच. नाचणी खुरपत असले की मागनं येणार, "आलीस का गंऽऽ?" मी कंबर सरळ करून वळून बघायची. तिथं मोरी रवंथ करत उभी. कितीदा ठरवलं, वळायचं नाही. मान आपली वळतेच. दिवसभर कुणीतरी विचारतंय आलीस का, आणि जायला जागाच नाही! अशी तळतळ व्हायची की खुरपं भिरकावून द्यावं.

रविवारी त्याचा फोन यायचा. कुजबुजत बोलायचा, तिथं मोठ्यानं बोललं तर तक्रार होते म्हणे. जेवलीस का, पाऊस झाला का, एवढंच. हा मिणमिणता आवाज कुणाचा, असं मला वाटायचं. म्हशीच्या गळ्यातला नवरा मला फोनमधल्यापेक्षा जवळचा वाटायला लागला, आणि मग मलाच माझा राग यायचा.

तो गेल्यावर दुसऱ्या वर्षी नवरात्र संपलं आणि काशी बिनसली. पट्ट्यातनं हाक आली, तिनं कान पाडले, जागची हलली नाही. मग सरळ बंद तुकड्यात शिरली, मागोमाग सगळ्या. आठवडा गेला नाही तोच पुन्हा. दोनदा झालं. करारात आता एकच वेळ उरली होती.

तेजल धावत आली. पट्टे उघडले, तपासले, पुन्हा बांधले. पट्ट्यांत काही बिघाड नव्हता. हाक वाजत होती, म्हशी ऐकत होत्या आणि येत नव्हत्या. ती काशीसमोर दगडावर बसून राहिली आणि संध्याकाळी मला म्हणाली, "मावशी, जनावर हाकेला येतं, कारण हाकेपाठोपाठ काहीतरी मिळतं. नुसती हाकच येत राहिली आणि पुढं काहीच नाही, तर शिकलेलं हळूहळू विझत जातं. ती विसरत नाहीत. त्यांचा विश्वास उडतो."

"आता माणसाचं येगळं असतंय व्हय?"

"पण यांना मिळत काय होतं, तेच मला सापडत नाही. चारा तर सगळीकडंच आहे."

मग तिनं तो महिनाभराचा जुना आवाज काढला, न कापलेला, आणि मोठ्यानं लावला. हाक आली. मग वारा. मग लांबनं, खालनं, एका बाईचा आवाज, "ओऽऽ!" आणि त्यापाठी घंटांचा आणि खुरांचा नुसता धुरळा. तेजलनं दुसरी दुपार लावली. हाक, ओ, धावाधाव. तिसरीही तशीच.

"ही बाई कोण?"

"मी."

तिनं माझ्याकडं बघितलं. "म्हणजे ती हाक…"

"मलाच हुती ती. म्हशींचं मीठ घिऊन यायची न्हवं मी. ते पुण्याला गेलं आन् माझं वर जाणं बंद झालं."

"आणि दादा म्हणाले सगळ्यांस्नी!"

"लाजलं ते."

तेजलनं कपाळावर हात मारला आणि हसत सुटली. हसता हसता तिचे डोळे भरले. मग लगेच यंत्र पुढ्यात ओढून कामाला लागली. आता सगळं सोपं होतं तिच्या लेखी. हाक, मग ओ, मग मीठ, अशी ती साखळी. मधला ओ गेला म्हणून पुढच्या मिठावरचा भरवसा गेला. माझा ओ रेकॉर्ड करायचा, हाकेपाठोपाठ वाजवायचा, मोकळ्या तुकड्यात मीठ टाकणारी पेटी ठेवायची. पाच मिनिटांचं काम.

तिनं माइक माझ्यापुढं धरला. मी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं.

"काय झालं?"

"ओ द्यायचा म्हंजी निघायचं असतंय, पोरी," मी म्हटलं. "ओ दिऊन बसून ऱ्हायलं असं कुणी केलंय का आमच्यात? उद्यापासनं त्येंची हाक आन् माझा ओ डोंगरभर एकमेकांशी बोलत बसतील. ते तकडं, मी हितं. मग त्येंनी यायचं कशाला? आन् मी तरी वाट कुणाची बघायची?"

मग तेजलनंच त्याला फोन लावला, सगळं सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"दे की गं," तो कुजबुजला. "तेवढ्यानं डोंगर वाचतुया."

माझं डोकंच फिरलं. "तुमास्नी आवाज काढून द्यायची सवय लागलीया. मला न्हाई!" म्हटलं आणि फोन कापला. त्यानं पुन्हा केला, मी घेतला नाही. त्यानंतर कुठल्याच रविवारी घेतला नाही.

रात्रभर विचार केला. मला डोंगर हवा होता आणि नवराही हवा होता. एकासाठी दुसरा सोडायची माझी तयारी नव्हती. सकाळी तेजलला म्हटलं, "त्येंची हाक काढ पट्ट्यातनं. माझी घाल. ओ मातुर जित्या माणसानंच द्याचा, मोकळ्या तुकड्यात मीठ घिऊन उभं राहून."

"मावशी, धोका आहे. नवी हाक शिकवायला वेळ लागतो. तेवढ्यात एकदा जरी शिरल्या तरी सगळं संपेल."

"ठावं हाय मला."

तिनं माइक पुढं केला. "बरं. काय हाक मारणार?"

ते मी ठरवलंच नव्हतं. दरीकडं तोंड केलं, छाती भरून घेतली, आणि निघालं ते असं, "अवोऽऽ! या की होऽऽ!"

वाड्यातल्या बायका पोट धरून हसल्या. म्हशींना अवो म्हणते! जाऊबाई तर महिनाभर काशीला "अवो, दूध देताय न्हवं?" म्हणून चिडवत होती.

"ही कोणाला?" तेजलनं विचारलं.

"ज्येला हाय त्येला. लिही तसंच."

तिनं लिहिलं. त्या संध्याकाळी पट्ट्यांतनं त्याचा आवाज पुसला. मी गोठ्यात जाऊन काशीच्या मानेला कान लावला. आत नुसतं रवंथ चाललेलं. तिथंच दाव्यापाशी बसून मी मोठमोठ्यानं रडले. असलं काय करून बसलीस ठकू, असं स्वतःलाच म्हणत होते.

पहिले दिवस तेजल मोकळ्या तुकड्यात मूठभर मीठ घेऊन उभी राहिली. पट्टे माझ्या आवाजात हाक द्यायचे, ही ओ द्यायची. पहिला ओ शाळेत हजेरी द्यावी तसा होता, म्हशींनी मान वर केली नाही. मी तिला पोटातनं ओरडायला शिकवलं. हळूहळू म्हशी यायला लागल्या. तेवढ्यात तिची कोल्हापूरला जायची वेळ झाली.

"तुम्हीच ओ द्या आता," ती जाताना म्हणाली.

"माझ्याच हाकेला मीच? याड लागलं न्हाई मला."

हट्ट होता, मला कबूल आहे. वाड्यातली माणसं नाचणीच्या कापणीत गुंतलेली, त्यांना रोज कुठं उभं करणार? दिवसभर मी काठी घेऊन कळपामागं पळायची. मीठ पदरात बांधलेलं. हाक वाजली की म्हशी थांबायच्या, कान ताठ करून ऐकायच्या, ओ येतोय का बघायच्या. मी पोचून वळवायची. रोज थोडा जास्त वेळ थांबायच्या, रोज मी थोडी उशिरा पोचायची.

एका रविवारी दिवस कलता कलता त्या बंद तुकड्याच्या काठाला गेल्या. आत दोन वर्षांचं हिरवंगार रान. पट्ट्यांतनं माझा आवाज आला, "अवोऽऽ!" सगळ्या थांबल्या. मी उतारावर खाली होते. पट्टे पुन्हा बोलले. ओ नाही. काशीनं एक पाय पुढं टाकला.

आणि कमरेला फोन वाजला. त्याचाच. कापावा म्हणून बाहेर काढला आणि घामानं अंगठा भलतीकडंच पडला. फोन लागला, तोही मोठ्या आवाजात. त्याच्याशी बोलायला माझ्याकडं वेळ कुठला? काशीचा दुसरा पाय उचलत होता. मी तशीच, फोन हातात धरून, होतं नव्हतं तेवढं बळ लावून ओरडले, "अवोऽऽ! या की होऽऽ!"

म्हशींनी माना वळवल्या. पलीकडनं फोनमध्ये काहीच नाही. मला वाटलं, तुटला.

मग फोन माझ्या मुठीत थरथरला. "ओऽऽऽ!"

कुजबूज नव्हती ती. दोन दऱ्या ओलांडून जाणारा तो माझा माणूस होता. काशीचे कान माझ्याकडं फिरले. मग मान, मग सगळी काशी. उतारावरनं सगळ्या घंटा एकदम माझ्या अंगावर धावून आल्या. मी पदर सोडला, मीठ पुढं केलं, आणि त्यांच्या खरखरीत जिभांखाली हात दिले. डोळ्यांत एवढं पाणी, की कुठली काशी आणि कुठली मोरी, दिसेना.

फोन गवतात पडला होता. त्यातनं कुणा बाईचा चिडका आवाज येत होता. "वॉचमन! अहो, काय झालं? केवढ्यानं ओरडताय!"

"काय न्हाई, मॅडम. बायकोनं हाक मारली."

"बायकोनं? कुठंय ती?"

"डोंगरावर."

"मग?"

"मग ओ दिलाय आता, मॅडम," माझा नवरा तिला म्हणाला, मोठ्यानं, सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असं. "जावं लागंल."